तारीख पाळायची की निकष? रिलीजच्या क्यूएचा आराखडा ठरवताना

क्यूएचा, म्हणजे रिलीजआधीच्या तपासणीचा, आराखडा करायला बसलं की आधी टेस्ट केसेस मोजल्या जातात, मग माणसं, मग दिवस. पण त्या आराखड्याचा कस शेवटच्या आठवड्यात लागतो. तारीख दारात उभी आणि दोन मोठे बग अजून ओपन, अशा वेळी काय पुढे सरकणार? हे सुरुवातीलाच ठरलेलं असेल तर टेस्टिंगची सगळी मांडणी बदलते. तारीख पक्की ठेवणं आणि निकष पक्के ठेवणं, या दोन्ही वाटांनी वर्षानुवर्षं चाललेले प्रकल्प आपल्यासमोर आहेत, त्यांच्याकडे बघून ठरवणं सोपं जातं.

तारीख पक्की

उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते; २४.०४ या क्रमांकातच २०२४ चा एप्रिल आहे. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे अशा सिस्टिमच्या गाभ्यात, पहिले दोन आठवडे नवा कोड घेतात, मग मुख्यतः दुरुस्त्या आणि दर आठवड्याला एक रिलीज कॅन्डिडेट (रिलीजआधी तपासायला दिलेली आवृत्ती). सातवा झाला की बहुतेकदा रिलीज, खात्री वाटत नसेल तर आठवा. सगळं नऊ-दहा आठवड्यांत आटोपतं.

याचा फायदा लोकांच्या वागण्यात दिसतो. पुढची गाडी दोन महिन्यांनी आहे हे माहीत असलं की डेव्हलपर अर्धकच्चं फीचर शेवटच्या दिवशी रेटत नाही. टेस्टरलाही तारखेपासून मागे मोजत येता येतं. धोका नेहमीचाच: कोडिंग लांबतं, तारीख हलत नाही आणि मधल्या मध्ये टेस्टिंगचे दिवस चिरडले जातात. दोन आठवड्यांचं रिग्रेशन (जुनं काही मोडलं नाही ना, याची तपासणी) चार दिवसांत उरकतात आणि कागदावर मात्र 'पूर्ण' दिसतं. म्हणून ही वाट घेणाऱ्याने फीचर बाहेर काढायची सोय आधी करून ठेवावी. फीचर फ्लॅग, म्हणजे फीचर बंद ठेवायचं बटण, नसेल, कोड एकमेकांत गुंतलेला असेल, तर 'ते पुढच्या वेळी घेऊ' हे बोलता येतं, करता येत नाही.

निकष पक्के

डेबियन हीसुद्धा लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम, पण ती तयार झाली की निघते. रिलीज रोखणारे म्हणून नोंदवलेले बग हटावे लागतात, आणि असा बग बराच काळ न सुटलेलं पॅकेज, ते कळीचं नसेल तर, येणाऱ्या आवृत्तीतून काढून टाकतात. गुणवत्तेच्या बाजूने हा नियम मला फार आवडतो. पण ३.० आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ थेट जून २००५ मध्ये. शेवट दिसत नसला की नवा कोड येत राहतो, त्याच्यासोबत नवे बग, आणि काल तपासलेलं आज पुन्हा तपासावं लागतं. टेस्टर थकतात ते इथे.

पुढे दोघांनीही दुसऱ्याच्या वाटेवर एकेक पाऊल टाकलं. उबुंटूने २००६ च्या एप्रिलची आवृत्ती, जी त्यांची पहिली दीर्घ सपोर्टची होती, जूनपर्यंत लांबवली. म्हणून तिचा क्रमांक ६.०६. डेबियनने २००९ मध्ये फ्रीज, म्हणजे नवे बदल घेणं थांबवणं, ठरावीक वेळी करायचं ठरवलं. रिलीजचा निर्णय मात्र निकषांवरच ठेवला.

मधली वाट

फेडोरा, अशीच आणखी एक लिनक्स सिस्टिम, तारीखही जाहीर करतं आणि निकषही लिहून ठेवतं. रिलीजआधी 'जायचं की थांबायचं' ठरवायला बैठक होते. ब्लॉकर, म्हणजे रिलीज रोखणारा बग, उरला असेल तर तारीख पुढे. वाद होतातच, पण ते 'हा बग या निकषात बसतो का' एवढ्यापुरते राहतात. तरीही नोव्हेंबर २०१२ साठी ठरलेली १८ वी आवृत्ती १५ जानेवारी २०१३ ला आली. नव्याने लिहिलेला इन्स्टॉलर तयार नव्हता आणि जुन्यावर परतायची सोय उरली नव्हती.

मग निवडायचं कसं?

चूक बाहेर गेली तर ती किती लवकर परत घेता येईल, यावर मी निवड करेन. सर्व्हरवरची सेवा असेल, थोड्या वापरकर्त्यांपासून सुरुवात करता येत असेल आणि रोलबॅक (आधीच्या आवृत्तीवर परतणं) मिनिटांत होत असेल, तर तारीख पक्की ठेवा. उपकरणातलं फर्मवेअर, डेटाबेसची रचना बदलणारं मायग्रेशन, लोकांच्या मशीनवर इन्स्टॉल होणारं सॉफ्टवेअर, यांना निकषच हवेत.

आणि रोलबॅक आहे असं धरून चालू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने सदोष अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतला. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना फटका बसला होता, आणि त्यातले कितीतरी एकेक करून हाताने सावरावे लागले. फाइल परत आली, मशीन आली नाहीत. म्हणून रोलबॅकच्या टेस्टिंगला आराखड्यात स्वतःचे दिवस द्या.

मधली वाट घेणार असाल तर फ्रीजच्या आधी ब्लॉकरची व्याख्या लिहून काढा: डेटा जातो, अपग्रेड फसतं, मुख्य काम अडतं आणि दुसरा मार्ग नाही. खाली निर्णय देणाऱ्या एकाच व्यक्तीचं नाव. फ्रीजनंतर त्या यादीत कोणी काही वाढवू नये, आणि त्यातलं काही खोडूही नये.