कडा कापलेलं अँथुरियम आणि बिनलेबलची बाटली

नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या सोसायट्यांमधून एक माणूस टेम्पोत कुंड्या घेऊन फिरतो. गुलाब, शेवंती आणि हमखास लाल अँथुरियम. बोलायला गोड. त्याच्याकडून मी साडेसहाशेला एक अँथुरियम घेतलं. पानं तेल पुसल्यासारखी चकचकीत होती, फुलं टवटवीत. चार-पाच पानांच्या कडा मात्र कात्रीने कापलेल्या दिसत होत्या. विचारलं तर म्हणाला, "ताई, गाडीत फाटल्या, म्हणून सारख्या केल्या."

थोड्याच दिवसांत उरलेल्या पानांच्या कडेला डाग आले. पान उलटं करून उजेडात धरलं की डाग पाण्याने भिजल्यासारखे दिसायचे. मग मध्ये तपकिरी-काळे झाले आणि भोवती पिवळी कड आली. त्याला फोन केला, तर लगेच हजर! "पोटॅश कमी पडलंय, थोडा करपा आहे," म्हणत आठशे रुपये घेतले आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं गुलाबी औषध दिलं. ना नाव, ना लेबल. "द्राक्षबागेत मारतात तेच आहे, गॅरंटी." नाशकात द्राक्षाचं नाव घेतलं की कुणाचाही विश्वास बसतो, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. वर 'सेवा' म्हणून त्याच कात्रीने माझ्या पीस लिली आणि सिंगोनियमचीही पानं छाटली. त्यानंतर त्याने फोन उचललेला नाही.

माझ्या जाऊबाईंचे भाऊ निफाडचे बागायतदार. त्यांनी एका पिवळ्या पानाचा देठ हलकेच ओढला, तो बुडातून सहज निघून हातात आला. "हा बुरशीचा करपा नाही, जिवाणू आहे, आणि आतपर्यंत गेलाय," म्हणाले. अँथुरियमच्या पानांच्या कडेला पहाटे पाण्याचे बारीक थेंब येतात. तिथूनच हा जिवाणू आत शिरतो, म्हणून बहुतेक डाग कडेपासून सुरू होतात. कडा का कापल्या होत्या, ते मला तेव्हा उमगलं. रोग विकणाऱ्याला दिसला होता, त्याने तो लपवला होता. राग पैशांपेक्षा त्याचा जास्त आला.

एकदा झाडात भिनलेल्या या रोगावर औषध नाही. बुरशीनाशकाने तो बरा होत नाही. झाड मातीसकट पिशवीत बांधून घंटागाडीत द्यायचं, कुंडी धुऊन काढायची, कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायची, पाणी पानांवर न उडवता मातीत घालायचं. पीस लिली आणि सिंगोनियम त्याच कुळातले, त्यांनाही हा रोग लागतो. माझं सिंगोनियम गेलं.

मात्र पान पिवळं पडलं की घाबरून झाड फेकू नका. डाग नाहीत, माती सतत ओली आहे आणि मुळं तपकिरी, मऊ, वास मारणारी झाली असतील तर ती मूळकूज. कुजकी मुळं कापून भुसभुशीत, निचऱ्याच्या मिश्रणात लावलं तर झाड बरेचदा वाचतं.

आणि औषध कुणाकडूनही सुटं घेऊ नका. कीटकनाशक असो की बुरशीनाशक, 1968च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याची नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असते. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, तो विषारीपणा सांगतो. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे पाण्याच्या बाटलीत अनोळखी विष ठेवायला देणं, हे मला फसवणुकीपेक्षाही भयंकर वाटतं.

ती बाटली मी फेकलेली नाही, कपाटात कुलपात ठेवली आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, कृषी विभागाकडेही लेखी देणार आहे. इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात कुणाला अशीच गुलाबी बाटली मिळाली असेल, तर ती ओतून न देता जपून ठेवा आणि मला कळवा. चौघांनी मिळून अर्ज दिला तर त्याची दखल घ्यावीच लागेल.