कार्ल्सरूहची घटनात्मक तक्रार: फी नाही, सवलतही नाही

कार्ल्सरूह इथल्या जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाची घटनात्मक तक्रारीची ही सेवा कागदावर फारच उदार दिसते. कोर्ट फी शून्य. लेखी टप्प्यात वकील सक्तीचा नाही. परदेशी नागरिकालाही तक्रार करता येते. शिवाय खालच्या न्यायालयाच्या निकालानेच मूलभूत हक्क मोडला, असं इथे म्हणता येतं आणि ते पटलं तर तो निकाल रद्द होतो. आपल्याकडे ही वाट बंद आहे: नरेश मिरजकर प्रकरणात (१९६६) मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्धची अनुच्छेद ३२ खालची, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात केलेली, याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने फेटाळली.

गोची होते ती मुदतीत. निकालाविरुद्ध तक्रारीला एकच महिना. कोणता हक्क, कशाने, कसा मोडला याचं पूर्ण विवेचन आणि संबंधित निकालांच्या प्रती त्याच महिन्यात पोचल्या पाहिजेत. 'सविस्तर मुद्दे मागाहून सादर करू' हे पालुपद इथे चालत नाही. साधा ईमेलही नाही. थेट कायद्यालाच आव्हान असेल तर तो लागू झाल्यापासून एक वर्ष.

त्याहून फसवा खड्डा दुसराच. न्यायालयाने आपलं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, असा मुद्दा असेल तर आधी त्याच न्यायालयात तशी हरकत घ्यावी लागते. दिवाणी प्रकरणात त्यासाठी दोन आठवडे. हे राहिलं की आधीचे उपाय संपवले नाहीत म्हणून तक्रार बाद. तीन न्यायाधीशांचं एकमत झालं तर कारण न देताही ती नाकारता येते. यश शेकडा एक-दोन प्रकरणांतच. उगाच छळवाद केला तर २,६०० युरोपर्यंत भुर्दंड, म्हणजे फुकटालाही कुंपण आहेच.

फ्रान्समध्ये २०१० पासून असलेली सोय वेगळ्या घाटाची. तिथे निकालावर नव्हे, कायद्याच्या तरतुदीवरच बोट ठेवता येतं, तेही चालू खटल्यातून. अर्ज स्वतंत्र आणि सकारण हवा. मुख्य युक्तिवादात घुसडलेला मुद्दा ग्राह्य धरत नाहीत. देशातल्या दोन सर्वोच्च न्यायालयांपैकी (प्रशासकीय प्रकरणांचं एक, दिवाणी-फौजदारी प्रकरणांचं दुसरं) एकाला छाननीसाठी तीन महिने, मग कायद्याची घटनात्मकता तपासणाऱ्या घटना परिषदेला तीन. छाननीची मुदत उलटली तर प्रश्न आपोआप परिषदेकडे जातो. वेळेच्या हिशोबात पॅरिस सरस, यात वाद नाही.

पण जिंकूनही पदरात काय पडेल ते तारखेवर ठरतं. पोलीस कोठडीचे सर्वसाधारण नियम परिषदेने ३० जुलै २०१० रोजी घटनाबाह्य ठरवले, पण ते रद्द व्हायची तारीख दिली १ जुलै २०११. तोवर जुनेच नियम. शेवटी १५ एप्रिल २०११ ला कासासिओं न्यायालयाने, म्हणजे दिवाणी-फौजदारी बाजूच्या सर्वोच्च न्यायालयाने, युरोपीय मानवी हक्क कराराच्या आधारे सांगितलं की थांबायची गरज नाही.