स्किड स्टिअर आणि तीन अटॅचमेंट, आठ महिन्यांनी: सगळं बसतं, तिसरा पाईप सोडून

स्किड स्टिअरला (जागच्या जागी वळणारा छोटा लोडर) लावायच्या झाडूच्या मोटारीचं ऑइल सील तिसऱ्यांदा गेलं, म्हणून हे लिहितोय.

मशीन ६० एचपीच्या वर्गातलं (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडं बहुतेक जण त्याला बॉबकॅटच म्हणतात). ऑक्झिलरी फ्लो (अटॅचमेंटला मिळणारं तेल) मिनिटाला ७५ लिटर, रिलीफ (त्यापुढं प्रेशर चढू न देणारा व्हॉल्व्ह) २१० बार. सोबत बकेटवाला झाडू, खड्डे पाडायचा ऑगर आणि दगड फोडायचा ब्रेकर. मीटरवर ६१० तास. लोडर म्हणून तक्रार नाही. गोडाऊनच्या दारातून आत जातं, जागच्या जागी वळतं. टायर मात्र खातं, काँक्रीटवर गरकन वळवलं की रबर तिथंच राहतं.

अटॅचमेंट विकणारा एकच प्रश्न विचारतो, "फ्लो किती?" आपण ७५ म्हणायचं, त्यानं "बसतंय" म्हणायचं. अटॅचमेंट अडकवायची प्लेट युनिव्हर्सल असते, दोन्ही लिव्हर खाली दाबले आणि पिना खालच्या भोकांतून बाहेर दिसल्या की गिऱ्हाईकही खूश. पण हे झालं फक्त लोखंडाचं मॅचिंग. तेलाचं वेगळं.

आधी फ्लोचा हिशोब. लिटर गुणिले बार भागिले ६०० केलं की किलोवॅट मिळतात. ७५ गुणिले २१० भागिले ६००, म्हणजे २६ किलोवॅट, साधारण ३५ एचपी. इंजिनच ६० चं. अटॅचमेंट रिलीफपर्यंत ताणली तर चाकांना उरतं किती ते बघा. म्हणून हाय-फ्लोचं (जास्त तेल देणारं) मशीन घ्यायला हवं होतं ही सुरुवातीची हळहळ आता राहिली नाही. डांबर खरवडायचा प्लेनर लावायचा असेल तर हाय-फ्लो लागतोच. झाडू-ऑगरसाठी जादा पैसे मोजू नका.

आता तिसरा पाईप. प्रेशर आणि रिटर्न हे दोन जाड, आणि शेजारी एक बारका तीन सुती (३/८ इंची), तो केस ड्रेन. मोटारीच्या आत फिरणाऱ्या भागांतून थोडं तेल झिरपणारच. ते बॉडीत जमतं आणि ड्रेनमधून सरळ टाकीत जातं. वाट बंद झाली की बॉडीत प्रेशर चढतं आणि सगळ्यात कच्ची जागा सुटते, शाफ्टचं सील. फ्लॅट-फेस कपलर (पाईपाचा सपाट तोंडाचा झटपट जोड) पूर्ण बसला नाही तर दोन्ही बाजूंनी बंदच राहतो. म्हणजे पाईप लोंबकळत नाही, लावलेला दिसतो, आणि तेलाला वाट नसते.

पहिलं सील गेलं तेव्हा माल लोकल म्हणून सोडून दिलं. दुसरं ओरिजिनल टाकलं, तेही चाळीस तासांत गेलं. सर्व्हिसवाल्यानं वॉरंटी नाकारली, कारण "ऑपरेटरनं ड्रेन लावला नव्हता." यावर भरपूर भांडण झालं. आता कबूल करतो, अर्धं त्याचंच बरोबर होतं. झाडू दुपारभर यार्डात उन्हात पडून असायचा. सोलापूरचा मे महिना, पारा ४२-४३ वर. पाईपात कोंडलेलं तेल तापून फुगतं आणि कपलरचं तोंड आतून दाबून धरतं. ऑपरेटर म्हणायचा, "बसंना झालाय की ओ," आणि हातोडी घ्यायचा. त्या नर कपलरचं तोंड हाताला लागेल इतकं चेपलं होतं. स्लीव्ह सरकायची, पण खट् असा आवाज येत नव्हता.

उरलेलं अर्धं प्रेशर गेजनं दाखवलं. रिटर्नला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून फुल रेसवर रीडिंग घेतलं: ३१ बार. रिटर्नला एवढं प्रेशर कशाला? विकणाऱ्यानं रिटर्नचा अडीच मीटर पाईपसुद्धा तीन सुती दिला होता. विचारलं तर म्हणतो, "रिटर्नला कुठं प्रेशर असतं?" पण तेल तर तेवढंच परत यायचं ना! ७५ लिटर तीन सुती पाईपातून जायचं म्हणजे वेग सेकंदाला १७-१८ मीटर, पाऊण इंचीतून साडेचार. कपलर अर्धा इंचीच ठेवला, पाईप पाऊण इंची केला, रीडिंग १५ वर आलं. या मोटारीत आत चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेनं सोडणारे) आहेत, ड्रेन बंद असला की बॉडीतलं तेल रिटर्नला जायला बघतं. मग रिटर्नचे ३१ बार सरळ सीलवर. शे-दोनशे रुपये वाचवायला त्यानं पाईप बारीक दिला आणि सीलकिटचे पैसे तीनदा आपल्या खिशातून गेले.

सध्याची पद्धत अशी. काढताना इंजिन बंद, चावी चालू, ऑक्झिलरीचा स्विच दोन्हीकडं चार-पाच वेळा दाबायचा, मगच कपलर सोडायचे. ड्रेन सगळ्यात शेवटी काढायचा आणि लावताना सगळ्यात आधी लावायचा. तोंडं पुसून टोप्या घालायच्या, नाहीतर धूळ थेट मोटारीत जाते. झाडू सावलीत. तरीही बसत नसेल तर हातोडी बंद. फडकं गुंडाळून मोटारीकडचं नट अर्धा आटा सैल करायचं, प्रेशर उतरलं की परत आवळायचं. डोळ्यांवर चष्मा हवा आणि गळती कधीही बोटानं चाचपायची नाही, बारीक धार कातडीत घुसते. ड्रेन टी लावून रिटर्नलाच जोडा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो सील मारायचा खात्रीचा मार्ग आहे.

ऑगरबद्दल मत बदललं. आधी वाटलं मोटार कमजोर आहे. काळ्या मातीत १२ इंची बिट लोण्यासारखं जायचं (माती बिटाला चिकटते ते वेगळं, दर फुटाला वर काढून झटकायची) आणि मुरूम लागला की थांबायचं. ४०० सीसीची मोटार (एका फेऱ्याला ४०० सीसी तेल), ७५ लिटरवर जवळपास १८५ फेरे. मुरमाला फेरे नकोत, जोर हवा. जोर येतो प्रेशर आणि सीसीमधून, फ्लोमधून नाही. ८०० सीसीची लावली, फेरे निम्मे, जोर दुप्पट. डाळिंबाचे खड्डे आता अडत नाहीत. खाली काळा पाषाण लागला तर ऑगरचा विषय संपला, दात घासत बसू नका.

ब्रेकर थोडक्यात. त्याच्या प्लेटवर फ्लोची खालची-वरची मर्यादा लिहिलेली असते, ७५ त्यात हवा. ब्रेकर चालतो त्यापेक्षा मशीनचा रिलीफ तीसेक बारनं तरी वर पाहिजे. ग्रीस दर दोन तासांनी, छिन्नी जमिनीवर दाबून धरूनच. लोंबकळत मारलं तर ग्रीस पिस्टनखाली जातं. पंधरा-वीस सेकंदांत दगड फुटला नाही तर जागा बदला.

आणि बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. साखर कारखान्याच्या यार्डात झाडू चालवला की कूलरच्या जाळीत भुसा बसतो, तेल तापतं, पातळ होतं आणि सगळे दोष एकदम बाहेर येतात. आतून बाहेर हवा मारायची, बाहेरून मारली तर भुसा अजून घट्ट बसतो.

ड्रेनचा कपलर नवा टाकला, स्लीव्हला पिवळी टेप. पण कंपनीनं तो दिलाय आर्मच्या अशा कोपऱ्यात की बकेट पूर्ण उलटी केली की दगड नेमका त्याच्यावरच पडतो. अक्कलकोट रोडच्या वेल्डरकडून सहा एमएमची पट्टी लावून घेतली. आता खालच्या पिनला ग्रीस द्यायचं म्हटलं की ती पट्टी दरवेळी सोडावी लागते.