लाइट गेली तरी पट्टी राहिली पाहिजे: फाइल लिहायची कोणती पद्धत घ्यावी?

दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक जोरात असते. तिथल्या एका अडत दुकानासाठी मी पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचा, प्रोग्राम लिहून दिला होता. काट्यावर वजन झालं की शेतकऱ्याचं नाव, कट्टे, क्विंटल, भाव, हमाली, तोलाई भरायची आणि पट्टी छापायची. एके दुपारी लाइट गेली आणि यूपीएसनेही दम सोडला. लाइट आल्यावर बघतो तर दिवसभराच्या पट्ट्यांची फाइल शून्य बाइट. मुनीमजी कार्बन कॉप्या काढून एकेक पट्टी पुन्हा भरत बसले आणि बाहेर शेतकरी पैशासाठी ताटकळत राहिले. चूक माझ्या कोडची होती. असला प्रोग्राम लिहायला घेणाऱ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सगळं सांगतोय.

मी वापरली ती पद्धत सगळेच आधी वापरतात: फाइल राइट मोडमध्ये उघडायची आणि सगळा डेटा लिहून टाकायचा. पण त्या मोडमध्ये उघडल्या क्षणीच जुना मजकूर पुसला जातो आणि नवा अजून मेमरीतच असतो. लिनक्स असा डेटा साधारण 30 सेकंदांपर्यंत स्वतःकडे ठेवून मग डिस्कवर पाठवतं. त्या वेळात लाइट गेली तर जुनंही नाही आणि नवंही नाही. पुन्हा तयार करता येईल अशा फाइलसाठीच ही पद्धत ठेवा.

दुसरी पद्धत म्हणजे तात्पुरती फाइल लिहून तिचं नाव बदलणं. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाची फाइल करायची, सगळं लिहायचं, फ्लश करायचं, एफसिंक करायचं (हे दोन कॉल काय करतात ते पुढे सांगतो), मगच रिनेम करून जुनीच्या जागी बसवायची. लिनक्सवर हे रिनेम अविभाज्य असतं. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल दिसते, नाहीतर पूर्ण नवी. त्याच फोल्डरचा आग्रह एवढ्यासाठी की दोन वेगळ्या फाइल सिस्टिममध्ये (म्हणजे वेगळ्या ड्राइव्ह किंवा पार्टिशनवर) रिनेम होतच नाही. काही लायब्ऱ्या अशा वेळी गुपचूप कॉपी करतात आणि आपण परत पहिल्याच खड्ड्यात.

एफसिंक गाळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण त्याने वेळ जातो. फ्लश डेटाला फक्त प्रोग्राममधून ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत नेतो, पुढे डिस्कपर्यंत नेतो तो एफसिंक. 2009 मध्ये लिनक्सची एक्स्ट-फोर ही फाइल सिस्टिम नवी असताना नेमकं हेच गाजलं होतं. रिनेम डिस्कवर पोचायचं, डेटा मागे राहायचा आणि मशीन बंद पडल्यावर शून्य बाइटच्या फाइली सापडायच्या. नंतर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्यावर तोड काढली, पण प्रत्येक फाइल सिस्टिम तेवढी सांभाळून घेईल असं धरून चालू नका. रिनेमही लगेच पक्कं हवं असेल तर लिनक्सवर फोल्डरलाही एफसिंक करा. मॅकवर साधा एफसिंक डिस्कची स्वतःची कॅश (तात्पुरती मेमरी) रिकामी करवत नाही, तिथे एफ-फुल-एफसिंक मागावा लागतो. आणि एफसिंकने एरर दिली तर तोच कॉल पुन्हा मारू नका. लिनक्सवर दुसऱ्या वेळी 'झालं' असं उत्तर येऊ शकतं आणि डेटा गेलेला असतो. 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना हा धक्का बसला होता. नवी तात्पुरती फाइल टाकून द्या आणि पहिल्यापासून लिहा. जुनी तोवर शाबूत असतेच.

विंडोजवर पायथनचं साधं रिनेम त्या नावाची फाइल आधीच असेल तर अडतं. म्हणून 3.3 पासून आलेलं रिप्लेस वापरा. मुनीमजींनी तीच फाइल एक्सेलमध्ये उघडून ठेवली असेल तर तेही नकार देतं. अशा वेळी 'फाइल उघडी आहे, बंद करा' असं मराठीत स्क्रीनवर दाखवा आणि नवी प्रत जपून ठेवा.

या पद्धतीची खरी मर्यादा वेगळी आहे. एक पट्टी वाढली तरी अख्खी फाइल नव्याने लिहायची. शिवाय दोन काउंटरवरून एकाच वेळी सेव्ह झालं तर नंतरचा आधीच्याची पट्टी पुसतो. फाइल अखंड राहते, नोंद मात्र जाते.

तिसरी पद्धत, शेवटी जोडत जाणं. मुनीमजी वहीत खाडाखोड करत नाहीत, उलट नोंद टाकतात, तसंच. प्रत्येक ओळीसोबत चेकसम, म्हणजे त्या ओळीवरूनच काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवा. लाइट गेली तर शेवटची ओळ अर्धवट राहू शकते, वाचताना ती ओळखून सोडता येते. काट्याच्या नुसत्या वजनांसाठी मला ही पद्धत फार आवडते. शोध, दुरुस्ती, बेरजा लागल्या की मात्र जीव मेटाकुटीला येतो.

पट्ट्यांसाठी मी आता एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेसच घेतो, आणि तुम्हीही तेच घ्या असं ठामपणे सांगेन. डेटाबेसची एकच फाइल, सर्व्हर नाही, आणि पट्टी, हमाली, खात्याची नोंद एकाच व्यवहारात बसते: सगळं होतं किंवा काहीच होत नाही. 2010 पासून त्यात वॉल मोड आहे, म्हणजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या वॉल फाइलमध्ये लिहिले जातात, त्यामुळे लिहिणं चालू असताना दुसरा वाचू शकतो. त्या मोडमध्ये सिंक्रोनस ही सेटिंग 'फुल'ऐवजी 'नॉर्मल' केली तर वेग वाढतो, पण लाइट गेल्यावर शेवटच्या काही पट्ट्या गायब होऊ शकतात. पैशाचा मामला आहे, फुलवरच ठेवा. डेटाबेस नेटवर्कच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून दोन मशीनवरून उघडू नका, वॉल मोड तिथे चालत नाही. प्रोग्राम चालू असताना नुसती मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर घेतली तर ताज्या पट्ट्या शेजारच्या वॉल फाइलमध्येच राहतात, म्हणून बॅकअप त्याच्याच बॅकअप सोयीने घ्या.

हमाली-तोलाईचे दर, प्रिंटरची मापं अशा छोट्या सेटिंगसाठी आणि एक्सेलला द्यायच्या फाइलसाठी मी अजूनही दुसरीच पद्धत वापरतो.

काहीही निवडा, दुकानात बसवण्याआधी चाचणी घ्या. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारून बघणं पुरत नाही, कारण प्रोग्राम मेला तरी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्याकडे आलेला डेटा डिस्कवर पोचवतेच. एक जुना संगणक घ्या, यूपीएसशिवाय जोडा, पट्ट्या भराभर सेव्ह होत असताना बोर्डाचं बटण बंद करा. 'सेव्ह झालं' म्हणून दाखवलेली शेवटची पट्टी कागदावर लिहून ठेवा आणि मशीन चालू करून ती सापडते का बघा. मी हे प्रत्येक वेळी निदान वीसदा करतो.