थ्रीएम ११८१ तांब्याची टेप : गिटारमधली खरखर किती थांबते?

सिंगल कॉइल पिकअपच्या (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागाच्या) इलेक्ट्रिक गिटारमध्ये ट्यूबलाइट, डिमर आणि मोबाइल चार्जर यांची खरखर शिरते, हे वादकांना नव्याने सांगायला नको. ती रोखण्यासाठी माझ्या गिटारची आतली पोकळी आणि पिकगार्डची (तारांखालच्या संरक्षक पट्टीची) मागची बाजू थ्रीएम कंपनीच्या ११८१ या तांब्याच्या टेपने मढवली. तारांवरून हात काढला की वाढणारी ती चिडचिडी खरखर आता जवळजवळ ऐकू येत नाही.

तांब्याचा पत्रा ३५ मायक्रॉन जाडीचा असल्याने तो साध्या कात्रीने कापता येतो आणि कोपऱ्यांतही नीट बसतो. कापलेल्या कडेने बोट चिरते, एवढे सांभाळावे. पण या टेपसाठी जास्त पैसे मोजायचे ते तिच्या चिकटद्रव्यासाठी. अनेक स्वस्त टेपांचे चिकटद्रव्य वीज वाहू देत नाही. त्यामुळे एकावर एक लावलेल्या पट्ट्या दिसायला सलग असल्या तरी विजेच्या दृष्टीने सुट्याच राहतात आणि प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा टिपका द्यावा लागतो. ११८१चे चिकटद्रव्य वीजवाहक आहे. मल्टिमीटरचे एक टोक पोकळीच्या तळाला आणि दुसरे वरच्या काठावर दुमडलेल्या पट्टीला लावले, तर मधल्या सांध्यांवर सोल्डर नसतानाही बीप वाजतो. हे आवरण तारेने व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीला, म्हणजेच ग्राउंडला (सर्किटच्या सामाईक शून्य जोडणीला) जोडायलाच हवे. जॅकचे सिग्नलचे टोक तांब्याला टेकले तर आवाज पूर्ण बंद होतो, म्हणून तिथे इन्सुलेशन टेप आवश्यक आहे.

टेपकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही सांगायला हवे. तांब्याची स्किन डेप्थ, म्हणजे लहर धातूत साधारण जेवढी खोल शिरते ते अंतर, १०० मेगाहर्ट्झला ७ मायक्रॉनहून कमी असते, तर ५० हर्ट्झला ती सुमारे ९ मिलिमीटर होते. त्यामुळे रेडिओ लहरी ही टेप उत्तम अडवते, आणि ग्राउंडला जोडलेली असल्याने वायरिंगचे विद्युतक्षेत्रही. ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी घुमघुम मात्र तिच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यावर उपाय म्हणजे उलट्या जोडणीच्या दोन कॉइल्सचा हमबकर पिकअप, जो गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये साकारला.

स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइलही आडोसा करते. परंतु तिच्यावर साधे सोल्डर धरत नाही आणि ग्राउंडची तार स्क्रूने आवळावी लागते. तांब्यावर तीच तार क्षणात बसते. विकत घेताना मात्र रुंद पट्टी निवडावी, म्हणजे सांधे कमी येतात.