ओपीडीत प्रश्न पडला तर: अपटुडेट की पबमेड?

खरं तर दोघांची जातकुळीच वेगळी. पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची वैद्यकीय शोधनिबंधांची फुकट ऑनलाइन सूची. नोंदी साडेतीन कोटींहून जास्त, पण उत्तर तुमचं तुम्ही शोधायचं. अपटुडेट हे वर्गणीचं वैद्यकीय संदर्भ-संकेतस्थळ, १९९२ पासूनचं, आता वोल्टर्स क्लुवर या प्रकाशन कंपनीच्या मालकीचं. तिथे तज्ज्ञांनी वाचून-गाळून लिहिलेला मजकूर मिळतो.

स्क्रब टायफस घ्या, म्हणजे बारीक किडा (माइट) चावून होणारा संसर्गाचा ताप. विदर्भातल्या डॉक्टरांना हा पावसाळी पाहुणा ओळखीचा. ताप, धाप, काखेत काळी खपली. आता दोन प्रतिजैविकांपैकी डॉक्सिसायक्लिन द्यायचं की अ‍ॅझिथ्रोमायसिन? पबमेडवर नुसतं आजाराचं नाव टाकलं तर हजारो शोधनिबंध अंगावर येतात. पबमेडच्याच ‘क्लिनिकल क्वेरीज’ या गाळणीत ‘थेरपी’ (उपचार) निवडून चाळलं, की भारतातलीच २०२३ची चाचणी सापडते: गंभीर रुग्णांत दोन्ही औषधं शिरेतून एकत्र देणं एकेकट्यापेक्षा सरस ठरलं. मात्र २८ दिवसांतल्या मृत्यूंत फरक दिसला नाही! हा बारकावा सारांशातच आहे, वाचायला सवड हवी एवढंच.

अपटुडेटवर मात्रा, गरोदरपणातला पर्याय, शिफारशीमागचा पुरावा किती भक्कम, सगळं एका पानावर. पेशंट समोर बसलेला असताना माझं मत अपटुडेटलाच. पण वर्गणी तालुक्यातल्या एकट्या डॉक्टरला जड जाते, आणि विषय शेवटचा कधी सुधारला ती तारीख बघितल्याशिवाय डोस लिहू नये. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयातून लॉगिन मिळतं का, ते आधी विचारा.