आकारानुसार दर: गोव्यातील एका जेवणाचे बिल

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच मित्र बार्देशच्या किनारपट्टीवरील एका साध्या खाणावळवजा हॉटेलात दुपारी जेवायला बसलो. आमच्यापैकी दोघे डिचोलीचे, एक फोंड्याचा आणि दोघे पुण्याहून आलेले. आम्ही तिघे गोव्याचे, लहानपणापासून मासळी बाजारात वडिलांचा हात धरून हिंडलेले; त्यामुळे माशाच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकणार नाही, असा आमचा ठाम समज होता. झाले ते सविस्तर लिहितो, कारण फसवणूक माशात नव्हतीच.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत समोर येणारी इसवण (सुरमई) किंवा पापलेट बहुधा बाहेरून आलेली अथवा बर्फातली असणार, हे आम्हांला ठाऊक होते, म्हणून ती आम्ही टाळली. वेटरने स्टीलच्या ट्रेमध्ये घालून चोणक, म्हणजे जिताडा, आणला आणि तो मानशीवरचा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी पकडलेला, असल्याचे सांगितले. खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाजन शेतांच्या मानशींवर पावसाळ्यातही चोणक मिळतो, त्यामुळे हे पटण्यासारखे होते. कल्ले लाल होते, डोळे स्वच्छ होते, मासा खरोखरच ताजा होता. भाव विचारला तेव्हा वेटर म्हणाला, ‘‘बाराशे, साहेब.’’ मेनूकार्डावर त्या माशापुढे आकडा नव्हता, ‘आकारानुसार दर’ एवढेच छापलेले होते. बाराशे म्हणजे त्या माशाची किंमत, असे आम्ही धरून चाललो आणि रवा लावून तळायला सांगितले. येथेच आमची पहिली चूक झाली.

जेवण उत्तम होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हुमण (माशाची आमटी), सुंगटे (कोळंबी), सोलकढी, कशातच खोट काढण्यासारखे काही नव्हते. नंतर एका चिठ्ठीवर हाताने लिहिलेला एकच आकडा आला: ६,११० रुपये. चिठ्ठीवर हॉटेलचे नाव नव्हते, पदार्थांची यादी नव्हती, कोणताही नोंदणी क्रमांक नव्हता. फोंड्याच्या मित्राने पक्के बिल मागितले. ते मिळायला जवळजवळ वीस मिनिटे लागली, आणि या वीस मिनिटांत बहुतेक गिऱ्हाईक कंटाळून पैसे देऊन उठत असणार, असे मला आता वाटते.

छापील बिलात चोणक २ किलो ३५० ग्रॅम, दर किलोला १,२००, एकूण २,८२० रुपये असे लिहिलेले होते. जेवण, सुंगटे, सोलकढी आणि बिअरच्या चार बाटल्या मिळून बेरीज ५,२९० झाली होती. तिच्यावर दहा टक्के सेवाशुल्क म्हणून ५२९ रुपये आणि या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी.

माशाच्या वजनाबद्दल आम्ही हरकत घेतली तेव्हा व्यवस्थापकाने सांगितले की वजन साफ करण्यापूर्वीचे असते. हे खरे आहे आणि व्यवहाराला धरूनही आहे. खवले, कल्ले आणि आतडी काढल्यावर मासा बराच हलका होतो, त्यामुळे ताटातील माशाकडे बोट दाखवून वजनाचा वाद घालता येत नाही. आपला काटा बरोबर असल्याचे पटवण्यासाठी त्याने तशाच आकाराचा दुसरा चोणक त्याच ट्रेमध्ये ठेवून वजन करून दाखवले. तेव्हा पुण्याच्या मित्राने मासा उचलून नुसता ट्रे काट्यावर ठेवायची विनंती केली. आकडा शून्यावर आला नाही. ६४० ग्रॅम दिसले. ट्रे ठेवल्यावर काटा शून्यावर आणायचा असतो, तो आणलेलाच नव्हता. म्हणजे बाराशेच्या दराने ७६८ रुपये आमच्याकडून स्टीलच्या ट्रेचे घेतले जात होते, आणि त्यावर लावलेले सेवाशुल्क व कर धरले तर ही रक्कम ८८७ रुपयांवर जात होती. मित्राने रिकाम्या ट्रेसह काट्याचे छायाचित्र काढून ठेवले.

सेवाशुल्काबाबत नियम स्पष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणतेही हॉटेल ते बिलात आपोआप जोडू शकत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. बक्षिसी ही गिऱ्हाइकाची खुशी असते. ज्या मुलाने आम्हांला मनापासून वाढले त्याला ती आम्ही हातात दिली. दुसरी गोष्ट बिअरची. मद्य जीएसटीच्या कक्षेत येतच नाही, तरीही आमच्या ७२० रुपयांच्या बिअरवर तो लावला होता. रक्कम छत्तीसच रुपयांची, पण दिवसभरात किती टेबलांवर बिअर जाते याचा विचार केला तर ती लहान राहत नाही. जेवणावरचा पाच टक्के कर मात्र योग्य होता; छापील बिलावर गोव्याच्या ३० या अंकांनी सुरू होणारा जीएसटी नोंदणी क्रमांकही होता. जे हॉटेल कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सोयीत) आहे त्याला गिऱ्हाइकाकडून हा कर वेगळा घेताच येत नाही आणि तसे बिलावर लिहावे लागते, म्हणून तेवढी एक ओळ बिलावर आहे का ते अवश्य पाहावे.

व्यवस्थापकाने सेवाशुल्क आणि बिअरवरचा कर काढला. वजनाबाबत मात्र तो हटला नाही. पुण्याच्या मित्रांना थिवीहून संध्याकाळची गाडी पकडायची होती, म्हणून ५,५१९ रुपये भरून आम्ही उठलो. क्यूआर कोडवर हॉटेलचे नाही, कोणा एका व्यक्तीचे नाव दिसत होते. आम्ही ते नाकारून कार्डाने पैसे दिले, जेणेकरून आमच्या पावतीवर हॉटेलचेच नाव राहावे.

गोव्यात येणाऱ्या मित्रांना आता मी आग्रहाने सांगतो की, ज्या माशापुढे आकडा छापलेला नसतो तो मागवताना दर किलोचा की नगाचा हे विचारा, रिकामा ट्रे ठेवून काटा शून्यावर आणायला लावा, वजन स्वतः पाहा आणि मासा स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी एकूण रक्कम कागदावर लिहून घ्या. असे विचारण्यात संकोच वाटतो, विशेषतः पाहुणे बरोबर असताना. आम्हांलाही तोच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि वजन-मापे खात्याकडे लेखी अर्ज दिला. अर्जाला छापील बिल, ती हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि काट्यावरच्या रिकाम्या ट्रेचे छायाचित्र जोडले आहे.